मानेची नस जाड झाली म्हणजे हृदयातही ब्लॉकेज आहे का?

प्रश्न थोडक्यात असा. वय ४६, राहणे पुण्यात सिंहगड रस्त्यावर, नोकरी हिंजवडीत. कंपनीच्या वार्षिक तपासणीत मानेचा कॅरोटिड डॉप्लर, म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या धमनीची सोनोग्राफी, झाला. अहवालात धमनीच्या भिंतीची जाडी, म्हणजे आयएमटी, उजवीकडे ०.९ मिमी आणि डावीकडे १.० मिमी आहे. डाव्या बल्बमध्ये (धमनी दुभागते तिथला फुगीर भाग) १.८ मिमीचा प्लाक, म्हणजे भिंतीत चरबी साचून आलेला उंचवटा, आहे; रक्तप्रवाहाला अडथळा नाही. ईसीजी, टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि टीएमटी (पट्ट्यावर चालवून केलेली स्ट्रेस टेस्ट) नॉर्मल. एकूण कोलेस्टेरॉल २१२, एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) ३६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १९०, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३८, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, रक्तदाब १३८/८८. कंबर ९४ सेंमी, वजन मात्र उंचीच्या मानाने फारसे जास्त नाही. तंबाखू-सिगारेट नाही. वडिलांना ५२व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. स्वतःला त्रास काहीच नाही. विचारले आहे ते हे: हृदयातही ब्लॉकेज असेल का, अँजिओग्राफी करून टाकावी का, ही जाडी कमी होते का, आणि डॉप्लर दर सहा महिन्यांनी करायला सांगितले आहे ते योग्य आहे का. शेवटी ४१ वर्षांच्या धाकट्या भावाचेही विचारले आहे.

तुमच्या अहवालातला महत्त्वाचा आकडा ०.९ नाही, १.० नाही, तो १.८ आहे. नुसती जाडी आणि प्लाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अँजिओग्राफीची आज गरज दिसत नाही. औषधाची गरज मात्र आहे, आणि ती ‘पथ्य करून सहा महिन्यांनी बघू’ म्हणण्याइतकी सैल नाही. दर सहा महिन्यांचा डॉप्लर नको. आता कारणे.

धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. रक्ताला लागून असलेला आतला पातळ थर म्हणजे इंटिमा, मधला स्नायूंचा थर मीडिया, आणि बाहेरचे वेष्टन ॲडव्हेंटिशिया. सोनोग्राफीत मानेच्या धमनीच्या पलीकडच्या भिंतीवर दोन समांतर पांढऱ्या रेषा दिसतात. पहिली रेषा रक्त आणि इंटिमा यांच्या सीमेची, दुसरी मीडिया आणि ॲडव्हेंटिशिया यांच्या सीमेची. या दोन रेषांमधले अंतर म्हणजे इंटिमा आणि मीडिया मिळून होणारी जाडी, तीच आयएमटी. हे अंतर सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेल्या जाडीशी जुळते, हे १९८६ साली इटलीतल्या पाओलो पिन्योली आणि सहकाऱ्यांनी दाखवले आणि तिथून ही मोजणी जगभर गेली.

मापायचे आहे हृदयाचे आणि प्रोब ठेवला मानेवर, हे विचित्र वाटते. पण हृदयाच्या धमन्या ३-४ मिमी रुंदीच्या, छातीत खोलवर, फुफ्फुसांच्या आड आणि प्रत्येक ठोक्याला हलणाऱ्या असतात. मानेतली कॅरोटिड कातडीखाली दोन-तीन सेंटिमीटरवर स्थिर पडलेली असते. शरीरातल्या सगळ्या मोठ्या धमन्यांना तेच रक्त, तेच कोलेस्टेरॉल आणि तोच दाब सोसावा लागतो. म्हणून दिसणाऱ्या धमनीवरून न दिसणाऱ्या धमनीचा अंदाज बांधायचा. यात तथ्य आहे, पण तो अंदाज आहे. मानेतली जाडी आणि हृदयाच्या अँजिओग्राफीत दिसणारा आजार यांचे नाते बहुतेक अभ्यासांत माफकच निघाले आहे. मान स्वच्छ असून हृदयात मोठे ब्लॉकेज असलेली माणसे असतात आणि उलटेही असते.

नाते माफक का, याचे मुख्य कारण भिंत दोन वाटांनी जाड होते हे आहे. पहिली वाट दाबाची आणि वयाची. रक्तदाब वर्षानुवर्षे जास्त राहिला की मीडियाचे स्नायू भार पेलण्यासाठी जाड होतात, जसा सतत ओझे उचलणाऱ्या हमालाचा दंड भरतो. वय वाढेल तशीही भिंत हळूहळू जाड होते, साधारण वर्षाला एक शतांश मिलिमीटर. यात चरबीचा संबंध असेलच असे नाही. दुसरी वाट कोलेस्टेरॉलची आणि ती इंटिमातून जाते. सोनोग्राफीला या दोन थरांतली सीमा दिसत नाही, म्हणून ०.९ मिमीपैकी किती रक्तदाबाचे आणि किती चरबीचे हे कोणीही सांगू शकत नाही. प्लाकचे तसे नाही. प्लाक म्हणजे दुसऱ्या वाटेचाच पुरावा. म्हणून १.८ महत्त्वाचा.

ती दुसरी वाट नीट समजून घ्यावी, कारण उपचार तिथेच आहे. एलडीएलचे कण रक्तातून इंटिमात जातात आणि बाहेर येतात, हे सर्वांमध्ये चालू असते. कणांची संख्या जास्त असली की काही कण आतल्या प्रोटिओग्लायकन नावाच्या जाळीला चिकटून तिथेच राहतात. अडकलेला कण रासायनिक दृष्ट्या बिघडतो. मग वरच्या अस्तराच्या पेशी रक्तातल्या पांढऱ्या पेशींना धरून आत ओढतात. त्या मॅक्रोफेज बनून बिघडलेला एलडीएल खातात, आणि इतका खातात की चरबीने फुगून तिथेच मरतात. मेलेल्या पेशींचा आणि कोलेस्टेरॉलचा मऊ गाभा तयार होतो. त्यावर मीडियातून सरकून आलेल्या स्नायुपेशी कोलॅजनचे झाकण घालतात. हे सगळे कुठेही होत नाही. जिथे धमनी दुभागते, जिथे प्रवाहाचा घासणारा वेग कमी आणि दिशा बदलती असते, तिथे आधी होते. कॅरोटिडचा बल्ब ही नेमकी तशी जागा. मुठा नदी जिथे वळण घेते तिथे आतल्या कडेला गाळ बसतो, तसे थोडेसे. फरक इतकाच की हा गाळ नळीच्या आत नाही, नळीच्या भिंतीच्या पोटात साचतो. ‘नळी साफ करणे’ ही कल्पना इथेच फसते.

भिंतीच्या पोटात साचतो याचा परिणाम तुमच्या टीएमटीच्या निकालावर थेट आहे. १९८७ साली सेमूर ग्लागोव्ह आणि सहकाऱ्यांनी हृदयाच्या धमन्या तपासून दाखवले की प्लाक वाढतो तशी धमनी बाहेरच्या बाजूला फुगून आतली जागा राखते. आतल्या क्षेत्रफळाचा सुमारे ४० टक्के भाग प्लाकने व्यापेपर्यंत रक्ताचा मार्ग अरुंद होतच नाही. टीएमटीत दोष दिसायला साधारण ७० टक्क्यांच्या आसपास अरुंदपणा लागतो. म्हणजे टीएमटी नॉर्मल आली याचा अर्थ ‘आज मेहनतीला रक्त पुरते आहे’ इतकाच. भिंत निरोगी आहे असा नाही. हार्ट अटॅक पुष्कळदा अशाच, फार अरुंद न झालेल्या जागी येतो: प्लाकवरचे झाकण पातळ होते, फाटते, आतला गाभा रक्ताला लागतो आणि काही मिनिटांत गुठळी धरते. फाटणारी झाकणे ६५ मायक्रॉनहून (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन) पातळ असतात असे शवविच्छेदनाच्या अभ्यासांतून दिसले आहे. केसाच्या जाडीइतकीही नाहीत ती. म्हणून ‘महिन्यापूर्वी स्ट्रेस टेस्ट नॉर्मल होती आणि तरी अटॅक आला’ यात बहुतेक वेळा चाचणी चुकलेली नसते. तिच्याकडून भलतीच अपेक्षा धरलेली असते.

आता तुमचा ०.९ आणि १.० किती विश्वासार्ह आहे ते पाहू. योग्य मोजणी अशी होते. माणूस उताणा, मान किंचित विरुद्ध बाजूला वळवलेली, प्रोब ७ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून अधिक वारंवारितेचा. बल्ब सुरू होण्याआधीचा कॉमन कॅरोटिडचा (दुभागण्याआधीच्या मुख्य धमनीचा) सुमारे १ सेंमीचा सरळ तुकडा, जिथे प्लाक नाही असा, निवडायचा. पलीकडची भिंत धरायची, कारण अलीकडच्या भिंतीची रेषा यंत्राच्या गेनवर (चित्राची उजळी कमी-जास्त करण्याची सोय) अवलंबून जाड-बारीक दिसते. हृदय सैल पडते त्या क्षणाचे चित्र गोठवायचे. आकुंचनाच्या वेळी धमनी ताणून भिंत पातळ दिसते. मग त्या १ सेंमी लांबीवर सॉफ्टवेअरने शंभरच्या आसपास किंवा अधिक बिंदूंवर अंतर मोजून सरासरी काढायची.

रोजच्या गर्दीत होते वेगळेच. पाच मिनिटांत दोन्ही बाजू उरकायच्या असतात, त्यामुळे पडद्यावर हाताने कॅलिपर, म्हणजे मापाच्या दोन खुणा, लावून एका बिंदूचे माप घेतले जाते, आणि तो बिंदू बहुधा सर्वांत जाड दिसणारा असतो. प्रोब तिरका धरला गेला तर भिंत तिरकी कापली जाऊन जाड भासते. गेन चढा असला तर रेषा पसरतात. कधी माप बल्बमध्येच घेतलेले असते, जिथे भिंत मुळातच जाड असते. या प्रत्येक चुकीने ०.१ ते ०.२ मिमीचा फरक सहज पडतो. तुमच्या अहवालात माप सरासरी आहे की कमाल, कोणत्या भागाचे आहे, हे लिहिले नसेल तर ०.९ आणि १.० यांमधला डाव्या-उजव्याचा फरक विसरून जा. चाळिशीत साधारण ०.६ ते ०.७, पन्नाशी-साठीत ०.७ ते ०.८ असे माप बऱ्याच निरोगी लोकांत दिसते, आणि ०.९ च्या पुढचे माप युरोपीय रक्तदाब मार्गदर्शक तत्त्वांत बरीच वर्षे ‘धमनीवर परिणाम झाला’ अशी खूण म्हणून वापरले गेले. त्या दृष्टीने तुमची भिंत वयाच्या मानाने जाड आहे, एवढे म्हणता येते. त्यापलीकडे त्या आकड्याला ताणू नये.

प्लाकची व्याख्या मात्र पक्की आहे. मॅनहाइम सहमती या तज्ज्ञांनी मिळून ठरवलेल्या व्याख्येनुसार, भिंतीचा एखादा भाग आजूबाजूच्या भिंतीपेक्षा निम्म्याने जाड असला, किंवा आत ०.५ मिमी तरी घुसला असला, किंवा एकूण जाडी १.५ मिमीहून जास्त असली तर तो प्लाक. १.८ त्यात बसतो. एकदा खात्री करा की माप कॅलिपरने एकाच तिरक्या रेषेवर घेतलेले नाही. आडव्या आणि उभ्या दोन्ही छेदांत तो उंचवटा दिसला असला पाहिजे. चित्रे सीडीवर असतील तर हृदयरोगतज्ज्ञ ती पाहून सांगू शकतील. अडथळा नाही हे वेगावरून ठरते: इंटर्नल कॅरोटिडमध्ये (दुभागल्यावर मेंदूकडे जाणारी शाखा) रक्ताचा कमाल वेग सेकंदाला १२५ सेंमीच्या आत असेल तर अरुंदपणा ५० टक्क्यांहून कमी धरतात. हा आकडा अहवालाच्या तक्त्यात ‘पीएसव्ही’ खाली असतो.

(तरुण वयात, विशेषतः चाळिशीच्या आतल्या बाईच्या कॅरोटिडची भिंत सगळीकडून सारखी जाड दिसली, आणि दोन्ही हातांच्या रक्तदाबात फरक असला किंवा नाडी लागत नसली, तर ते कोलेस्टेरॉल नव्हे. टाकायासू आर्टेरायटिस नावाच्या दाहाचा विचार करून संधिवाततज्ज्ञांकडे जावे. आणि एकोच्या अहवालात ‘वॉल थिकनिंग’ असेल तर ती हृदयाच्या स्नायूची भिंत, धमनीची नव्हे. या दोन्ही ठिकाणी गोंधळ होताना दिसतो.)

जाडीचा आणि हृदयविकाराचा संबंध किती, यावर चांगले आकडे आहेत. २००७ साली अनेक अभ्यास एकत्र करून निघालेला निष्कर्ष असा: कॉमन कॅरोटिडची जाडी ०.१ मिमीने जास्त असेल तर हार्ट अटॅकची जोखीम १० ते १५ टक्क्यांनी आणि पक्षाघाताची १३ ते १८ टक्क्यांनी जास्त. संबंध खरा आहे, यात वाद नाही. पण वैद्याला हवे असते ते वेगळेच: वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर, तंबाखू हे सगळे आधीच माहीत असताना जाडी मोजून नवे काय कळते? २०१२ साली ४५ हजारांहून अधिक लोकांच्या आकडेवारीवरून उत्तर आले की जवळजवळ काहीच नाही. ०.१ मिमीचा फरक म्हणजे वर सांगितलेल्या मोजणीच्या चुकीएवढाच फरक, हेही लक्षात घ्या. अमेरिकेच्या हृदयरोग संघटनांनी २०१० मध्ये मध्यम जोखमीच्या लोकांत ही मोजणी उपयुक्त ठरू शकते असे म्हटले होते. २०१३ मध्ये नेहमीच्या वापरासाठी तिची शिफारस काढून घेतली. युरोपनेही तेच केले. प्लाक आहे का, हे पाहणे मात्र तिथे अजूनही जोखीम ठरवताना विचारात घेतले जाते.

आता डॉप्लर पुन्हा-पुन्हा करण्याविषयी, कारण पैसे आणि मनःस्वास्थ्य दोन्ही इथे वाया जातात. भिंत वर्षाला ०.०१ मिमी वाढते. यंत्राची आणि हाताची चूक त्याच्या दहा-वीस पट. सहा महिन्यांनी ०.९ चे ०.८ झाले तर आनंदाने औषध सोडणारे आणि १.० झाले म्हणून रात्र जागून काढणारे, दोघेही मोजणीच्या चुकीवर निर्णय घेत असतात. २०१२ सालीच सुमारे ३७ हजार लोकांच्या अभ्यासात दिसले की दोन तपासण्यांत जाडी किती वाढली यावरून पुढे कोणाला अटॅक येईल हे सांगता येत नाही. २०२० मध्ये ११९ औषधचाचण्या एकत्र करून पाहिल्यावर गटाच्या सरासरीत मात्र नाते दिसले: जाडीची वाढ जितकी मंदावली तितके झटके कमी. हजारो माणसांच्या सरासरीत दिसणारी गोष्ट एका माणसाच्या दोन अहवालांत दिसेल असे नाही.

औषधांच्या बाबतीत तर या आकड्याने दोनदा दिशाभूल केली आहे. २००८ साली एनहान्स चाचणीत एझेटिमाइब या औषधाने एलडीएल उतरला, पण कॅरोटिडची जाडी घटली नाही. औषध निरुपयोगी ठरवले गेले. २०१५ साली १८ हजारांहून अधिक रुग्णांच्या इम्प्रूव्ह-इट चाचणीत त्याच औषधाने हृदयविकाराचे झटके कमी झाले. उलट २००९ साली नियासिन (ब-३ जीवनसत्त्व) या औषधाने जाडी घटलेली दिसली आणि त्याचा उदो उदो झाला. पुढच्या मोठ्या चाचण्यांत स्टॅटिनवर (एलडीएल उतरवणारी नेहमीची गोळी) नियासिन दिल्याने झटके कमी झाले नाहीत. जाडी ही खूण आहे. खुणेवर उपचार करायचा नसतो, जिच्यामुळे खूण उमटली तिच्यावर करायचा असतो.

‘जाडी कमी होते का’ याचे उत्तर म्हणूनच असे: थोडी होऊ शकते, वाढ नक्की थांबवता येते. २००७ साली छापलेल्या मीटिअर चाचणीत कमी जोखमीच्या लोकांना दोन वर्षे रोसुवास्टॅटिन हे स्टॅटिन ४० मिग्रॅ दिले. गोळी घेणाऱ्यांची जाडी होती तिथेच राहिली, न घेणाऱ्यांची वर्षाला ०.०१३ मिमीने वाढली. पण खरा फायदा मापात न दिसणारा आहे: गाभ्यातली चरबी कमी होते, झाकण जाड आणि घट्ट होते. प्लाक तितकाच दिसत असतानाही तो फाटण्याची शक्यता घटते.

तुमच्या बाबतीत ही शक्यता घटवणे तातडीचे का, ते आता. २००४ साली छापलेल्या ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३व्या वर्षी आलेला दिसला, इतरांना ५९ च्या आसपास. तुमच्या वडिलांना ५२. पुरुष नातेवाइकाला ५५ च्या आत आलेला अटॅक ‘अकाली’ धरतात आणि तो मुलांच्या जोखमीत मोजतात. वजन जास्त नाही यावर विसंबू नका. ‘सडपातळ पण चरबीयुक्त भारतीय’ ही कल्पना पुण्यातच, केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून जगापुढे आली. २००४ साली त्यांनी स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले: दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३, शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्यासाठी वजनकाट्यापेक्षा टेप बोलका. पुरुषांत ९० सेंमी आणि स्त्रियांत ८० सेंमी ही मर्यादा, तुम्ही ९४. त्याच्या जोडीला ट्रायग्लिसराइड १९०, एचडीएल ३६, एचबीए१सी ६.१. ही चौकडी एकत्रच फिरते.

एक तपासणी मात्र राहिली आहे: लायपोप्रोटीन(ए), म्हणजे एलडीएलसारखाच रक्तातला एक कण. ते बहुतांशी अनुवंशाने ठरते, आयुष्यात एकदा मोजले की पुरते, आणि साधारण चारांपैकी एका भारतीयात ते ५० मिग्रॅ/डेसीलिटरच्या वर असते. वडिलांच्या अकाली अटॅकमागे हेच असू शकते. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ते नसते. वेगळे सांगावे लागते. जास्त निघाले तर त्यासाठी आज वेगळी गोळी नाही, पण मग एलडीएल आणखी खाली ठेवायचा.

अँजिओग्राफी का नको? त्रास नाही, टीएमटी नॉर्मल आहे; अशा स्थितीत ४० टक्क्यांचे ब्लॉकेज दिसले तरी उपचार तोच राहील. स्टेंट अरुंद जागा उघडतो, आजार भिंतभर पसरलेला असतो. २०२० च्या इस्केमिया चाचणीत तर स्ट्रेस टेस्टमध्ये मध्यम ते गंभीर दोष असलेल्या पाच हजारांहून अधिक स्थिर रुग्णांतही, आधी अँजिओग्राफी करून स्टेंट-बायपास केल्याने मृत्यू आणि अटॅक मिळून त्यांत फरक पडला नाही. छातीचा त्रास असलेल्यांचा त्रास तेवढा कमी झाला. कॅल्शियम स्कोअरचा सीटी स्कॅन (हृदयाच्या धमन्यांत किती कॅल्शियम साचले ते पाहणारा) चांगली चाचणी आहे, पण ज्याच्या बाबतीत ‘स्टॅटिनची गोळी सुरू करावी की नाही’ असा संभ्रम आहे त्याच्यासाठी. तुमचा प्लाक दिसलेला आहे. स्कोअर शून्य आला तरी गोळी टळणार नाही, कारण पंचेचाळिशीत प्लाकमध्ये कॅल्शियम अजून बसलेले नसते असे पुष्कळदा होते.

गोळीचा हिशोब आकड्यांनी मांडतो. प्लाक, वडिलांचा इतिहास आणि बाकी घटक धरून बहुतेक हृदयरोगतज्ज्ञ तुम्हाला उच्च जोखमीच्या गटात धरतील आणि एलडीएल ७० च्या खाली आणायला सांगतील. नॉन-एचडीएल १०० च्या खाली. नॉन-एचडीएल म्हणजे एकूण वजा एचडीएल, तुमचे २१२ वजा ३६, १७६. ट्रायग्लिसराइड वाढलेले असताना एलडीएलपेक्षा हा आकडा अधिक प्रामाणिक असतो, आणि त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही. १३८ वरून ७० म्हणजे निम्मी घट. रोसुवास्टॅटिन १० मिग्रॅने साधारण ४५ टक्के उतरते, म्हणजे ७६ च्या आसपास. डोस दुप्पट केला की फक्त ६ टक्क्यांची भर पडते, ६८ च्या जवळ. त्याऐवजी १० मिग्रॅसोबत एझेटिमाइब १० मिग्रॅ दिले तर उरलेल्यातले सुमारे २० टक्के आणखी जातात, ६१ च्या आसपास. कोणता मार्ग घ्यायचा ते तुमचे डॉक्टर ठरवतील. सुरू करण्यापूर्वी एसजीपीटी (यकृताची तपासणी) एकदा पाहावे, आणि ४ ते १२ आठवड्यांनी लिपिड पुन्हा तपासावे. आकडा खाली आला म्हणून गोळी थांबवायची नाही. आकडा गोळीमुळे खाली आहे. एलडीएल ३९ ने उतरला की मोठे झटके जवळपास एक पंचमांशाने कमी होतात, आणि वर्षे जातील तसा फायदा साठत जातो.

स्टॅटिनविषयीची भीती खरी कारणे आणि ऐकीव गोष्टी यांची सरमिसळ आहे. स्नायुदुखी काहींना होते. पण २०२० च्या सॅमसन चाचणीत गोळी सोडलेल्या लोकांना कधी खरी, कधी बनावट गोळी दिली तेव्हा त्रासाचा ९० टक्के भाग बनावट गोळीवरही जाणवला. दुखले तर स्वतःहून न सोडता सांगा: डोस कमी करता येतो, दुसरे स्टॅटिन देता येते, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासता येते. लघवी गडद होऊन स्नायू कमजोर पडले तर मात्र लगेच थांबवून दाखवा. एचबीए१सी किंचित वाढू शकते, आणि तुमचे ६.१ असल्याने त्याकडे लक्ष हवे. तरीही अटॅक टळण्याचा लाभ त्याहून मोठा आहे. ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने सुरू करू नका. अटॅक न आलेल्या माणसात रक्तस्रावाचा धोका आणि लाभ जवळपास सारखेच पडतात.

रक्तदाब १३८/८८ हा दवाखान्यातला एक आकडा. घरी दंडावर बांधायच्या यंत्राने सात दिवस मोजा: सकाळी आणि संध्याकाळी, पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीवर, एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून वर आली तर रक्तदाब आहे असे धरून उपचार हवा. मीठ दिवसाला एकूण ५ ग्रॅम, एक छोटा चमचा. यात लोणचे, पापड, फरसाण, ब्रेड सगळे आले.

खाण्यात तेलाची पिशवी महिनाभर मोजा, बाकी वाद आपोआप मिटतात. माणशी दिवसाला २० ते २५ ग्रॅम, म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला अडीच ते सव्वातीन लिटर, आणि तेही बाहेरची मिसळ, वडापाव, बाकरवडी न धरता. कोणते तेल याच्यापेक्षा किती तेल हे आधी. तळलेले तेल पुन्हा तापवू नका. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी-मुगाची उसळ, रोज मूठभर शेंगदाणे चालतील. सुके खोबरे आणि तूप बेताने. ट्रायग्लिसराइडसाठी साखर, मैदा, भाताचा ढीग आणि दारू ही खरी कारणे. उपासाला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वेफर्स म्हणजे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’. उपास करायचा तर ताक, फळ, राजगिरा, वरी यांच्यावर आणि मोजूनमापून. अंड्यावरून होणारे घरगुती वाद तेलाच्या पिशवीपुढे किरकोळ आहेत.

चालणे आठवड्याला १५० मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. तळजाई किंवा वेताळ टेकडी तुम्हाला जवळ आहे; टीएमटी नॉर्मल असल्याने हळूहळू वेग वाढवत चढायला हरकत नाही. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, कारण साखर स्नायूंतच जिरते. कंबर ९४ वरून ९० वर आली की ट्रायग्लिसराइड आणि एचबीए१सी दोन्ही उतरलेली दिसतील. तुम्ही तंबाखू घेत नाही हे उत्तम, पण घरात आई किंवा काकू मशेरी लावत असतील तर तीही तंबाखूच आहे. दात घासण्याचे निमित्त असल्याने विचारल्यावर ‘तंबाखू नाही’ असेच उत्तर येते आणि इतिहासात ती नोंदलीच जात नाही.

‘ब्लॉकेज विरघळवणाऱ्या’ सलाईनच्या आणि काढ्यांच्या जाहिराती पुण्यात भिंतीभिंतींवर आहेत. ईडीटीए या रसायनाचे सलाईन, म्हणजे चिलेशन, मधुमेह असलेल्या आणि अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांत नीट तपासले गेले. २०२४ साली निकाल आला, झटके कमी झाले नाहीत. लसूण, जवस, अर्जुनसाल खायला कोणी अडवत नाही, पण त्यांच्या भरवशावर स्टॅटिन बंद करणे धोक्याचे. त्यात काढ्याने यकृत बिघडले तर दोष स्टॅटिनवर जातो.

पर्वतीच्या पायऱ्या चढताना छातीच्या मध्यभागी दडपण, जबडा किंवा डावा हात भरून येणे, आणि थांबल्यावर दोन-पाच मिनिटांत बरे वाटणे, हे नव्याने सुरू झाले तर त्याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. वरचा अँजिओग्राफीचा सल्ला तेव्हा बदलतो. बसल्या जागी दडपण येऊन १५ मिनिटांत गेले नाही, सोबत घाम किंवा उलटीची भावना असेल, तर ॲसिडिटी समजून इनो घेत बसू नका. १०८ ला फोन, ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल तर ३०० ते ३२५ मिग्रॅची गोळी चावून खाणे, आणि स्वतः गाडी न चालवता चोवीस तास अँजिओप्लास्टी होते अशा रुग्णालयात जाणे. ते रुग्णालय घरापासून कोणते, हे आजच पाहून ठेवा. एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे किंवा एका डोळ्यापुढे अचानक पडदा येणे हे कॅरोटिडचे लक्षण. दहा मिनिटांत बरे झाले तरी त्याच दिवशी तपासणी हवी. तेव्हा डॉप्लर पुन्हा करायचा. एरवी प्लाकवर नजर ठेवायची असेल तर दोन-तीन वर्षांनी, शक्यतो त्याच केंद्रात, एकदा पाहणे पुरेसे आहे.

भावाचा डॉप्लर आधी नको. त्याचे लिपिड प्रोफाइल, लायपोप्रोटीन(ए), एचबीए१सी, रक्तदाब आणि कंबर एवढे पाहा. हे सगळे मिळून डॉप्लरपेक्षा जास्त सांगते आणि प्रत्येक आकड्यावर काही करता येते. एलडीएल १९० च्या वर निघाला तर अनुवांशिक कोलेस्टेरॉलचा संशय घेऊन दोघांच्याही मुलांची तपासणी करून घ्या, मुले शाळेत असली तरी.